पांढरा दोरा, लाल दोरा

१८ ऑगस्ट २०२४

या डायरीच्या पहिल्या पानावर, १ जानेवारीला, मी लिहिलंय, ‘आजपासून रोज लिहायचं.’ त्यानंतर थेट आजचं पान. मधली साडेसात महिन्यांची पानं कोरी करकरीत. एरवी असं काही सापडलं की मला लाज वाटायची आणि मी डायरीच कपड्यांखाली दडवायचे. आज हसू आलं. कारण कालपासून मला माहीत आहे की याला नाव आहे.

काल आम्ही तिघी जालन्याला गेलो होतो. मी, आई आणि प्रीती. प्रीती माझी मुलगी, तिथेच नर्सिंग करते. तिला अभ्यासात एक धडा आला, तो वाचून तिने मला फोन केला आणि म्हणाली, मम्मी, हे सगळं तुझंच लिहिलंय. मग तिनेच डॉक्टरबाई शोधल्या. ही तिसरी खेप. मागच्या वेळी बाई म्हणाल्या होत्या, तुम्हाला लहानपणापासून पाहिलेलं कुणी असेल तर सोबत आणा. म्हणून आईला नेलं.

बाईंनी तासभर विचारलं. शाळेत कशी होते, वस्तू हरवायचे का, सांगितलेलं काम अर्ध्यात टाकायचे का. आईने माझी सगळी अब्रू काढली. दप्तर शाळेत विसरून घरी आले ते, बहिणीच्या हळदीत हळदच वाटायची विसरले ते, सगळं. शेवटी बाई म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात. लक्ष कमी नसतं, ते कुठे लावायचं हे आपल्या हातात राहत नाही. मुलगा असेल तर उड्या मारतो, मग घरचे त्याला दवाखान्यात आणतात. मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसते, तिला कुणी आणत नाही.

आईला हे काही पटलं नाही. ती म्हणाली, “यात कायचा आजार, डॉक्टरबाई? बाईमाणसाचं डोकं असंच राह्यतं. मी बी चुलीवर दूध ठिवून हिरीवर गेल्ती, अन् तिकडूनच शेजारणीसंगं बाजाराला.” आईला विषय सोडून बोलायची सवयच आहे. बाई मात्र तिच्याकडे बघत राहिल्या.

एसटीत मला रडू आलं. धांदरट, वेंधळी, आळशी, सगळी नावं झाली माझी. बारावीला चांगले मार्क होते, मास्तरीण व्हायचं होतं, आणि डीएडचा फॉर्म भरायची तारीख गेल्यावर तीन दिवसांनी मला आठवली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं वाटत राहिलं की मला मनापासून व्हायचंच नसणार. व्हायचं होतं. हे मी आज इथे लिहून ठेवते.

२५ ऑगस्ट

गोळी चालू आहे. आठवडाभर किल्ली हरवली नाही. राजानंदने, माझ्या नवऱ्याने, दाराजवळ एक मोठा खिळा ठोकलाय किल्लीसाठी, पण खिळ्याने काय होतं, हा गोळीचाच गुण. हे पोस्टात काम करणारे सगळे असेच, जिथे तिथे जागा नेमून ठेवतात.

आता मुद्द्याचं. आमच्या वीस गुंठ्यांवर शेडनेट उभं आहे आणि त्यात मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट लागलाय, चोवीस ओळी. कंपनी जालन्याची. आपल्याकडे घरोघरी बायका हे क्रॉसिंगचं काम करतात, पण माझ्यासारखीने जिवाला घोर लावून घ्यावा असं ते आहे. उद्या उमलणारी मादीची कळी आज दुपारी चिमट्याने उघडायची आणि आतले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचा पराग तिला लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा असेल त्याच मिरचीचं बी कंपनी घेते. नर काढायचे राहिले आणि दोरा मात्र बांधला, तर वरून कुणालाही कळत नाही. पुढे कंपनी ते बी पेरून बघते तेव्हा कळतं, आणि शंभरात थोडी रोपं जरी वेगळी निघाली तरी सगळा माल नापास.

मागच्या वर्षी गावातल्या सर्जेरावांच्या प्लॉटवर कामाला होते, तिथे मी तेच केलं. सोबतच्या दैवशालाशी बोलता बोलता अर्धी ओळ नर न काढताच दोरे बांधत गेले. दोन दिवसांनी लक्षात आलं तेव्हा स्वतः जाऊन सांगितलं, पण तोवर कुठली फुलं ते ओळखू येईना. माल नापास झाला. तेव्हापासून ज्योत्स्नाचा हात लागला की बिघडलं, असं गावात झालं. सांगितलं मीच, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

यंदा प्लॉट माझा आणि सोबत आठ बायका. दैवशालाही आहे. ती आली याचंच मला नवल वाटतं, आणि ती आल्या दिवसापासून माझ्या हातांकडे बघते याचं वाटत नाही. कंपनीचे हरिओम साहेब स्पष्ट बोलून गेलेत: हा माल नापास झाला तर पुन्हा तुमच्या हाती प्लॉट नाही, आणि या आठ बायांनाही कुणी सहज बोलावणार नाही. म्हणजे माझ्या डोक्यावर आठ जणींचं नाव आहे. आणि डोकं तर हे असं.

१९ सप्टेंबर

पुढच्या आठवड्यात क्रॉसिंग सुरू.

आईचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराला सात गाठी. काही आठवायचं असलं की ती गाठ मारते आणि काम झालं की सोडते. मी विचारलं, ही कशाची, तर तिलाच आठवेना. चौथी कशाची ते मला माहीत होतं, सुदामा वाण्याकडून हिंग आणायचा, तो मीच पोळ्याला आणला. आईचं म्हातारपण आता जाणवायला लागलंय. तसं मला कळतं तेव्हापासून तिच्या पदराला गाठी आहेतच, पण हल्ली जास्त वाटतात.

गाठी सोडता सोडता माझ्या डोक्यात आलं की आपण दोरा एकदाच का बांधतो? दुपारी नर काढले की लगेच पांढरा दोरा बांधायचा. सकाळी पराग लावला की त्याच देठावर लाल. दोन्ही असतील ती मिरची खरी. एकच असेल ती तोडून टाकायची. म्हणजे काही लक्षात ठेवायचंच नाही, देठ सांगेल. ही आयडिया माझी स्वतःची आहे आणि मी फार खूश आहे. राजानंदला सांगितलं तर तो आईच्या पदराकडे बघून हसला. त्याला काय हसायला झालं कुणास ठाऊक.

२६ सप्टेंबर

बायका कुरकुरतात. दोन दोरे म्हणजे वेळ दुप्पट. दुर्गाबाई म्हणाली, आम्हाला वीस वर्षं झाली या कामात, आम्हाला नाही लागत दोन दोरे. मी सरळ सांगितलं की तुम्हाला नाही, मला लागतात. माझं डोकं मधेच दुसरीकडे जातं, डॉक्टरने सांगितलंय, गोळी चालू आहे. मला वाटलं आता निम्म्या निघून जातील. कुणी गेली नाही. दुपारी डबा खाताना दैवशालाने हळूच विचारलं की त्या गोळीने झोप येते का. तिच्या मोठ्या मुलीसाठी विचारत होती.

आयुष्यात पहिल्यांदा मी ‘माझं डोकं’ हे शब्द मान खाली न घालता बोलले. ताठ बसून बोलले.

१२ ऑक्टोबर

आज धम्मचक्र दिन आणि दसरा एकत्र. निम्म्या बायका विहारात, निम्म्या घरी आपट्याची पानं आणि पाहुण्यांत. फुलं काही सुट्टी घेत नाहीत. मी, दैवशाला आणि दोघी मिळून सकाळी उरकत होतो. आई विहारातून पांढऱ्या लुगड्यात तशीच शेडवर आली. म्हणाली, माणसं कमी हायेत, मी हातभार लावते. तिला रीळ धरायचं काम दिलं, तर रिळं घेऊन कुठे गेली कळलंच नाही. तासाभराने नर झाडांकडे भुईमुगाच्या शेंगा खात बसलेली सापडली. लाल रीळ जवळजवळ संपलेलं. म्हटलं, आई, दोरा कुठे सांडलास? म्हणाली, सांडला न्हाई, चालून राह्यलंय काम.

मी सातव्या ओळीत होते तेव्हा हरिओम साहेबांचा फोन आला. बोलत बोलत मोटारीकडे गेले, पाणी बंद केलं, मग कुठे गेले आठवत नाही. संध्याकाळी विहारात खीर छान होती.

१४ ऑक्टोबर

लिहू का नको असं झालंय. पण डायरीत खोटं लिहिलं तर मग खरं कुठे लिहू.

सातव्या ओळीत नुसते लाल दोरे आहेत. पांढरा नाही, लाल आहे. म्हणजे नर न काढलेल्या उमललेल्या फुलांना कुणीतरी दोरा बांधत गेलं. काही ठिकाणी पांढऱ्यावर लाल आहे, पण तिथे पराग लावला की नुसताच दोरा गुंडाळला, कोण सांगणार. दैवशालाने दाखवलं. मागच्या वर्षीची ओळ माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्या ओळीत मीच होते. मला आठवत नाही, म्हणजे मीच. असं नेहमीच असतं. घरात काही बिघडलं आणि मला आठवत नसलं की ते मीच केलेलं असतं.

दैवशाला म्हणाली, “ताई, नुसते लालवाले तेवढे तोडू. बाकीचे ऱ्हाऊ द्या. कोनाला कळतंय?” ती माझ्या भल्यासाठीच सांगत होती. मागच्या वर्षी ती हेच बोलली होती आणि मी तिचं ऐकून दोन दिवस गप्प बसले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, या डायरीलाही.

मी म्हटलं, जे आठवत नाही ते ठेवायचं नाही. सगळी ओळ. दोरा असलेलं प्रत्येक फूल, प्रत्येक फळ. बायकांना बोलावून सांगितलं की ही चूक माझी आहे आणि नुकसान सगळ्यांचं आहे, ज्यांना जायचं त्यांनी जावं. मग दैवशाला ओळीच्या टोकाला गेली आणि तोडायला लागली. तिच्यामागे दुर्गाबाई. दुपारपर्यंत सातवी ओळ नुसती हिरवी राहिली. तीन आठवड्यांची मेहनत दोन घमेल्यांत मावली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती उठून आत गेली. जेवलीही नाही. तिला माझी लाज वाटली असणार.

१६ ऑक्टोबर

हरिओम साहेब तपासणीला आले. सातवी ओळ बघून विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, तुम्ही बोलला नसता तर मला समजलं नसतं. मी म्हटलं, मला समजलं असतं. वहीत काहीतरी लिहून गेले. चांगलं लिहिलं की वाईट, चेहऱ्यावरून काही कळत नाही त्या माणसाचं.

आई दोन दिवस शेडकडे फिरकली नाही. पदराला एकच गाठ आहे, मोठी. सोडायला गेले तर तिने पदर ओढून घेतला.

९ नोव्हेंबर

दिवाळी झाली, क्रॉसिंग संपलं. तेवीस ओळींत लाल मिरच्या, सातवीत अजून हिरव्या, आणि प्रत्येक देठाला दोन दोरे. नुसता एक दोरा दिसला की माझ्या आधी दैवशालाचा हात जातो. आज उन्हात शेडच्या दारात उभी राहिले आणि आत बघत बसले. हे माझ्या हातून झालंय. अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादी केली तर ही डायरी पुरणार नाही, पण हे पूर्ण झालं.

मधे चार दिवस गोळी घ्यायची विसरले. ते चार दिवस कसे होते ते लिहीत नाही. आता चहाच्या कपाशेजारी ती रोज आपोआप असते.

२२ जानेवारी २०२५

डायरीचं वर्ष संपलं. पण माझी जानेवारीची पानं कोरीच होती की, वार तेवढा खोडला आणि लिहायला घेतलं. आळशीपणाचा इतका चांगला उपयोग कुणी केला नसेल.

बी काढून, वाळवून कंपनीत पोचलं. आता ते पेरून बघणार. निकाल एप्रिलमध्ये. दैवशाला मुलीला घेऊन डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. मीच सोबत गेले होते. रांगेत बसून मी तिला सांगत होते की कागदावर लिहून ने, आत गेल्यावर विसरायला होतं. आणि माझाच कागद घरी राहिला होता.

३ मार्च

आईला विचारलं, पदराची ती गाठ अजून का आहे, पाच महिने झाले. लुगडं धुताना सोडते आणि वाळल्यावर पुन्हा मारते. म्हणाली, “येळ आली का सोडीन.”

८ एप्रिल

पास.

सकाळी अकराला फोन आला. माल पास झालाय, आणि नुसता पास नाही, यंदाच्या सगळ्या गावांत आमची रोपं सगळ्यात एकसारखी निघाली. हरिओम साहेबांनी विचारलं की मंठ्याला चाळीस बायकांचं शिबिर आहे, दोन दोऱ्यांचं काम तुम्ही येऊन शिकवाल का. मला. शिकवायला. ज्या बाईला फॉर्मची तारीख आठवली नव्हती तिला.

मी धावत दैवशालाकडे गेले. तिने आधी माझ्या पायांकडे बघितलं, दोन पायांत दोन चपला होत्या. मग आम्ही दोघी तिच्या ओट्यावर हसत बसलो. दुर्गाबाईने गल्लीभर सांगितलं. सर्जेराव रस्त्यात भेटले, म्हणाले, यंदा माझ्या प्लॉटवर पण तुमचेच दोन दोरे करू. मागचं काही बोलले नाहीत. मीच बोलले. म्हटलं, त्या वर्षीची अर्धी ओळ माझीच होती, ते मला चांगलं आठवतं. दोन दिवस उशिरा सांगितलं, तेही मीच. ते म्हणाले, झालं ते झालं.

घरी आले तर आई भिंतीला टेकून बसलेली. मी सांगितलं, आई, पास. तिने माझा हात धरून खाली बसवलं.

“सातवी ओळ म्या बांधली व्हती,” ती म्हणाली. “दसऱ्याच्या दिशी. लाल रीळ हातात व्हतं, फुलं दिसली, बांधीत गेले. मनात म्हनलं पोरीचं काम हलकं करावं. मंग तू समद्या बायांपुढं तुझ्या अंगावर घेतलं अन् माझी जीभच उचलंना.”

मी म्हटलं, तू तेव्हाच का नाही सांगितलंस.

ती म्हणाली, “जल्मभर माझ्यावरच आलंय गं. दूध उतू गेलं तं गिरिजा, भाकर करपली तं गिरिजा. तुझा बाप म्हनायचा, हिच्या डोक्यात भुसा हाय. तू लहान असताना तुझं तसंच दिसलं अन् मला भेव वाटलं. म्हून लई बोलले तुला. वाटलं, बोललं का सुधरंल.”

मी सत्तेचाळीस वर्षांची होत आले आणि आज पहिल्यांदा माझ्या आईकडे नीट बघितलं. दूध. बाजार. सात गाठी. भुईमुगाच्या शेंगा. ऑगस्टपासून हे सगळं माझ्या हाताने मीच लिहिलंय. मागची पानं उघडून एकेक ओळ पुन्हा वाचली. आणि ज्या आयडियेची मी इतकी फुशारकी मारली ती कुठून आली, तेही पानावरच आहे. राजानंद तेव्हा का हसला ते आत्ता कळलं. त्याला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलला का नाहीस. तो म्हणाला, तू लिहीत होतीस, म्हटलं पोचशील.

११ एप्रिल

आईला जालन्याला नेलं. तिनेच सांगितलं, मला बी दाखव त्या बाईला. प्रीती स्टँडवर आली होती. बाहत्तर वर्षांच्या आजीला घेऊन आलेली पहिली नात असेन मी, असं म्हणत होती.

डॉक्टरबाईंनी आईला बसवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, तुम्हाला लहानपणापासून पाहिलेलं कुणी आहे का. आईने थोडा विचार केला. तिचे आईवडील नाहीत, बहीण गेली, माझे वडील जाऊनही आता दोन वर्षं होतील. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “ही सांगंल,” ती म्हणाली, “मी हिच्याच हाताखाली हाय सध्या.”

मी सांगायला लागले. गाठी सांगितल्या, चार-चार अर्धवट गोधड्या सांगितल्या, आणि हेही सांगितलं की अशा डोक्याने या बाईने तीन लेकरं वाढवली, दुसऱ्यांच्या रानात तीस वर्षं निंदणी-खुरपणी केली आणि मला बारावीपर्यंत शिकवलं, कुणाच्याही गोळीशिवाय. थांबताच येईना. बाईंनी दोनदा घड्याळ बघितलं. आई समोर बसून ऐकत होती, आपलंच कुणी कौतुक करतंय याची सवय नसल्यासारखी.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर थांबून तिने पदराची ती मोठी गाठ सोडली. मी विचारलं, आता तरी सांग कशाची होती. सातव्या ओळीची ना?

“ती तं व्हतीच,” आई म्हणाली. “मंग परवा तीच ठिवली. डॉक्टरबाईला सांगायचं व्हतं, माझी लेक पास झाली म्हून. अन् बघ, ऱ्हायलंच.”

मग आम्ही दोघी परत आत गेलो.